सव्हानातली जाहीर नोटीस

मी देश सोडला तो तासगावच्या दुय्यम निबंधक कार्यालयाच्या व्हरांड्यातून. विमान मुंबईहून होतं, पण खरा निरोप तिथला. २००१ सालचा मे महिना होता. लग्नांसारखाच जमिनी-घरांच्या खरेद्यांनाही हंगाम असतो, आणि आबा त्या ऑफिसात शिपाई. पंधरा-वीस दस्त नोंदवायचे असताना पोरगी अमेरिकेला जाते म्हणून रजा मागणं त्यांना सुचलंच नसतं. म्हणून आम्हीच जीप ऑफिससमोर थांबवली. आई आत बॅगांवर लक्ष ठेवून बसली आणि मी उतरले.

आबा बाहेर आले ते हातात शाईचं फडकं घेऊन. लोकांचे अंगठे धरून ते कागदावर टेकवायचे, मग पुसायचे, हे त्यांचं काम. मागच्या बाकावर एक म्हातारी निळा अंगठा साडीला लागू नये म्हणून हवेत धरून बसली होती. माझा ड्रेस नवा होता, म्हणून आबांनी पाठीवर हात ठेवला नाही. एवढंच म्हणाले, "सही करायच्या आधी शेजारीपाजारी विचार. कागद खोटं बोलत नाही, पण सगळं सांगतही नाही." आतून साहेबांनी हाक मारली, तसे ते गेले. मीही गेले.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आबा चौथी, आई तेवढीही नाही. मी सांगलीला इंजिनिअरिंग केलं ते सरकारी स्कॉलरशिपवर आणि आईच्या शिलाई मशिनवर. मला याचा अभिमान आहे आणि तो मी कधी लपवला नाही. आबांनी आयुष्यभर दुसऱ्यांची घरं या नावावरून त्या नावावर जाताना पाहिली. आम्ही मात्र एका किराणा दुकानामागच्या दोन भाड्याच्या खोल्यांत राहिलो. एक तरी खरेदीखत असं व्हावं, ज्यात घेणार म्हणून आपलं नाव असेल, असं मला फार आधीपासून वाटत होतं. मी ते बोलले नाही, पण वाटत होतं.

अमेरिकेतली पहिली चार वर्षं ट्रॉयमध्ये गेली. मिशिगनमधल्या माझ्या मैत्रिणींनो, तुम्हाला ते अपार्टमेंट आठवत असेल, ज्याच्या खिडकीतून फक्त पार्किंग लॉट आणि बर्फ दिसायचा. तिथेच हेमंत भेटला. तो नागपूरचा, माणसांवर लगेच विश्वास ठेवणारा. २००३ मध्ये लग्न केलं. मग गाड्यांच्या कंपन्यांची कॉन्ट्रॅक्टं एकामागून एक संपत गेली आणि २००५ मध्ये मला साउथमधल्या सव्हाना शहरात जॉब मिळाला. तिथलं बंदर वाढत होतं आणि कंटेनर कुठे आहे ते सांगणारं सॉफ्टवेअर त्यांना हवं होतं. निघताना पॉटलक झालं, प्रत्येकानं एकेक पदार्थ आणला. तिथल्या मराठी मंडळातल्या एका काकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की साउथची माणसं फार गोड बोलतात, जपून राहा. मला हे सांगायची काही गरज नव्हती.

पण काकांचं खरं होतं. ट्रॉयमध्ये शेजाऱ्याचं नाव कळायला सहा महिने लागले होते. सव्हानात दुकानातली बाई पहिल्याच दिवशी मला 'हनी' म्हणाली आणि पाठोपाठ विचारलं, की कुठल्या चर्चमध्ये जाता. मला तो टेहळणीचा प्रकार वाटला. अमेरिकेच्या मानानं हे शहर म्हातारं. जागोजागी झाडांनी भरलेले चौक, ओकच्या फांद्यांवरून लोंबणाऱ्या शेवाळासारख्या करड्या जटा, ओहोटीला दलदलीचा वास. आणि या म्हातारपणावर उड्या पडत होत्या. दर दुसऱ्या घराला परांची लागलेली. न्यूयॉर्कहून लोक यायचे आणि दुपारच्या जेवणाआधी घर घेऊन जायचे, असं आमची एजंट रोंडा सांगायची.

रोंडाची पांढरी मोठी गाडी होती. गाडीत आमच्यासाठी पाण्याच्या बाटल्या आणि पेपरमिंटच्या गोळ्या. ती सतत म्हणायची, हनी, इथे घरं वीकेंडमध्ये जातात, आज ठरवा. आबांच्या ऑफिसात घाई करणारे लोक मी लहानपणापासून पाहिले होते. भाऊ गावाहून पोहोचायच्या आत सही व्हावी, अशी ती घाई असायची. त्यामुळे रोंडा जितकी घाई करायची तितकी मी सावकाश चालायची. तीन महिन्यांत आम्ही कितीतरी घरं पाहिली आणि प्रत्येकात मी काहीतरी काढलं. हेमंत गाडीत मागे बसून पेपरमिंट खायचा.

मग मिस ऑगस्टाचं घर आलं. जुन्या भागाच्या दक्षिणेला, लाकडी, दोन मजली, पुढे रुंद पोर्च. पोर्चच्या छताला फिकट निळा रंग. तो कशासाठी, असं मी विचारलं, तर रोंडा म्हणाली, गांधीलमाश्या पोळं करत नाहीत. मिस ऑगस्टा म्हणाली, भुतं आत येत नाहीत. एकाच छताची दोन कारणं, हे मी मनात टिपून ठेवलं.

मिस ऑगस्टा ब्लॅक होती, सत्तरी ओलांडलेली, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. तिथे मोठ्या बायकांना नावाआधी 'मिस' लावायची रीत आहे, ते मला नंतर कळलं. तेव्हा मला त्यातही काहीतरी लपवल्याचा वास आला. ती शाळेत दुसरीला शिकवायची. तिनं आम्हाला आइस्ड टी दिला, आपल्या बासुंदीपेक्षा गोड. घराची किंमत आजूबाजूच्या घरांपेक्षा कमी होती. वर ती म्हणाली, की पोर्चमधल्या खुर्च्या आणि आतला पियानो राहू देते, तुम्हाला होईल.

तासगावात घर विकणारा माणूस जाताना बल्बसुद्धा काढून नेतो. ही बाई पियानो देत होती. त्या क्षणी मला खात्री पटली, की या घराच्या मागे काहीतरी आहे. भाऊबंदकी असेल, कुणाचा हिस्सा असेल, कोर्टात काही चालू असेल. पण घर मात्र मला आवडलं होतं, इतकं की मला त्याचीही भीती वाटायला लागली.

हेमंत म्हणाला, वकील टायटल, म्हणजे मालकीचे जुने कागद, बघेल, त्यासाठीच असतो तो. मी विचारलं, वकील कुणी सुचवला? रोंडानं. मग झालं. आबा म्हणाले होते तसं मी एका रविवारी एकटीच निघाले आणि गल्लीतल्या दारांच्या बेल वाजवल्या. सहा घरं केली. सहाही घरांनी सांगितलं, की मिस ऑगस्टासारखी चांगली बाई नाही. आता तुम्हीच सांगा. आपल्याकडे सहा शेजारी विचारले तर निदान दोघं तरी काही वाकडं सांगतील. सगळेच्या सगळे चांगलं बोलतात, म्हणजे ठरवून बोलतात, असा मी अर्थ काढला.

मग मी ते केलं, जे आपल्याकडे कुणीही शहाणा माणूस करतो. आपल्या वर्तमानपत्रात रोज दहा-बारा जाहीर नोटिसा असतात. अमुक मिळकत आमचे अशील खरेदी करीत आहेत, कुणाचा हक्क, हिस्सा, गहाण, दावा असल्यास चौदा दिवसांत कळवावे. आबा ते रकाने ऑफिसातल्या जुन्या अंकांमधून वाचायचे, बातम्यांपेक्षा जास्त आवडीनं. मला वाटलं, ही तर जगभराची पद्धत असणार. तोच मजकूर मी इंग्रजीत लिहिला, मिस ऑगस्टाचं पूर्ण नाव आणि घराचा पत्ता घालून, शेवटी आमचा फोन नंबर. 'त्यानंतर कोणाचीही तक्रार ऐकून घेतली जाणार नाही,' हे वाक्यसुद्धा सोडलं नाही. वर्तमानपत्राच्या काउंटरवरच्या बाईनं तो कागद दोनदा वाचला आणि विचारलं, मॅडम, तुम्ही बँकेकडून आलात का? मी म्हणाले, नाही, मी घेणारी. तिनं खांदे उडवले आणि पैसे घेतले. हेमंतला मी सांगितलं नाही. तो नको म्हणाला असता.

गुरुवारी नोटीस आली. दुपारी हेमंतचा फोन आला. त्याला नवीन नोकरी लागून महिनाच झाला होता. त्याचा आवाज मी कधी ऐकला नव्हता तसा होता. "अगं, तू काय करून राहिली हे? माझ्या ऑफिसातला माणूस विचारतो, मिस ऑगस्टाचं घर बँकेनं कधी घेतलं. दुसरीला होता तो तिच्याकडे."

तेव्हा मला कळलं, की इथे त्या रकान्यात घरं येतात ती फक्त हप्ते थकल्यावर लिलावात निघालेली. तिथे नाव छापून येणं म्हणजे गावासमोर अब्रू जाणं. आणि हे अर्धं गाव तिच्याकडे वाचायला शिकलेलं. त्याच वाचनाच्या जोरावर सगळ्यांनी तिचं नाव तिथे वाचलं होतं.

आमच्या फोनवर नऊ कॉल आले. हिश्शाचा दावा एकाचाही नव्हता. एका बाईनं सांगितलं, की अंगणातलं अझेलियाचं फुलझाड तोडू नका. एका माणसानं विचारलं, किती रक्कम थकली आहे, आम्ही चर्चमध्ये गोळा करू. तो कॉल मी हेमंतला ऐकवला नाही. तिच्या दारात तर लोक कॅसरोलचे, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेल्या जेवणाचे, ट्रे घेऊन यायला लागले, आपल्याकडे सुतकाच्या घरी पिठलंभात नेतात तसे. शुक्रवारी रोंडानं सांगितलं, की मिस ऑगस्टा आम्हाला घर विकणार नाही. आणि तुम्ही तिच्याकडे जाऊ नका, हेही सांगितलं. या वेळी रोंडा 'हनी' म्हणाली नाही.

शनिवारी सकाळी मी गेले. हेमंत म्हणाला, आता जाऊन काय उपयोग यार, पण त्यानं अडवलं नाही. तिच्या दाराशी पोहोचेपर्यंत माझ्या डोक्यात घराचाच विचार होता, हे मी कबूल करते. माफी ही घर परत मिळवायची एक पायरी होती.

ती पोर्चमध्येच बसली होती. मला उभं ठेवलं. मी बोलायला सुरुवात केली, जाहीर नोटीस म्हणजे आमच्याकडे काय, सगळे कसे देतात, त्यात अपमान कसा नसतो. तिनं सगळं ऐकून घेतलं, मुलीनं न केलेल्या गृहपाठाची कारणं ऐकावीत तसं.

"तू सगळ्या गावाला माझ्याबद्दल विचारलंस," ती म्हणाली. "फक्त मला विचारलं नाहीस."

मग तिनं समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, की आता ती माझी चौकशी करणार. माझी माणसं कोण, कुठली, माझ्याबद्दल खरं सांगेल असं कोण आहे? मी म्हणाले, माझे वडील, पण ते भारतात आहेत आणि त्यांना इंग्रजी येत नाही.

"तुला येतं ना दोन्ही? मग लाव फोन."

मी पर्समधून फोन-कार्ड काढलं. तिकडे संध्याकाळ होती. आबा नुकतेच रिटायर झाले होते, घरीच होते. मी स्पीकर लावून सगळं सांगितलं, मराठीत, जरा भराभर. आधी मला वाटलं, शाबासकी देतील. पोरीनं सात समुद्रापलीकडे शेजारीपाजारी विचारले, नोटीस दिली. ती काय करते, ते आबांनी परत विचारलं. मग म्हणाले, "शिकवणारी बाई आहे म्हणतेस. आणि तिचं नाव लिलावाच्या रकान्यात."

मी हो म्हणाले.

"तिला विचार, घर दिल्यावर राहणार कुठं?"

मी म्हणाले, आबा, तो आपला प्रश्न नाही.

"मी तीस वर्षं अंगठे धरले, पोरी. कागदात सगळं असतंय. चतुःसीमा असतीय, झाडं असतात, विहिरीतला हिस्सा असतोय. विकणारा जाणार कुठं, याला रकाना नसतोय. आम्ही बाहेर बाकावर बघायचो. निम्म्या लोकांना ठाऊक नसायचं."

मला तो हवेत धरलेला निळा अंगठा दिसला. आबा इतकी वर्षं काय बघत होते, ते मला कळलंच नव्हतं. मला वाटायचं, ते मला लोकांपासून सावध राहायला शिकवतायत.

मिस ऑगस्टा वाट बघत होती. मी भाषांतर केलं. तिनं चष्मा काढला, ओच्याला पुसावा तसा स्वेटरला पुसला आणि परत घातला. मग सांगितलं. जॅक्सनव्हिलला मुलगी आहे, तिसऱ्या मजल्यावर अपार्टमेंट, एक खोली होऊ शकेल. पण जावई अजून हो म्हणालेला नाही आणि नाहीही म्हणालेला नाही. जिना चढवत नाही, म्हणून हे घर सोडायचं, आणि तिथे पुन्हा तिसरा मजला. घर विकलं की सुचेल काहीतरी, असं तिनं ठरवलं होतं. किंमत कमी का, तेही तिनं न विचारता दाखवलं. मागच्या बाथरूमखालची तुळई वाळवीनं खाल्ली होती. घराच्या तपासणीत हे कळणारच होतं, पण तिनं मला हात धरून तिथे नेलं आणि पायानं फळी दाबून दाखवली.

आबा फोनवर थांबलेच होते. मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, मग घाई करू नका, दोघीही. आणि कार्डावरचे पैसे संपले.

मिस ऑगस्टानंच रोंडाला फोन करून नकार मागे घेतला आणि आम्ही घर घेतलं. एका अटीवर, जी मीच घातली. जावई काय ते ठरवेपर्यंत मिस ऑगस्टानं खालच्या पुढच्या खोलीत राहायचं. रोंडानं हे ऐकलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, यात तुझा काय फायदा? मला तिचा राग आला नाही. मीही तेच विचारलं असतं.

वकिलाच्या ऑफिसात सह्या झाल्या. तिथे शाईचं पॅड नव्हतं, कुणी नावानं पुकारलं नाही, एक मुलगी पानं पुढे सरकवत होती. माझं नाव छापलेलं होतं, संपूर्ण, आबांच्या नावासकट. मी प्रत्येक पान वाचलं. दोन तास लागले. वकील घड्याळाकडे बघत राहिला, मिस ऑगस्टा मात्र विणत बसली होती. मध्येच म्हणाली, वाचू द्या तिला.

ती नऊ आठवडे आमच्याकडे राहिली. आम्ही एकमेकींवर फार विश्वास टाकला असं काही झालं नाही. तिनं आपल्या ट्रंकेला कुलूप लावलं आणि मी माझ्या कागदांच्या कपाटाला. माझ्या फोडणीच्या वासानं ती खोकायची आणि खिडक्या उघडायची, थंडीतसुद्धा. मी पियानोवर कपडे ठेवले तर ती घडी करून माझ्या बेडवर ठेवायची. पण संध्याकाळी ऑफिसातून आले की पोर्चमध्ये दोन खुर्च्यांवर आम्ही बसायचो, आणि रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण तिला हात करायचा. हळूहळू मलाही करायला लागला. गुरुवारच्या नोटिशीबद्दल त्यानंतर मला कुणीही काही बोललं नाही. ते विसरले असतील, असं मला अजूनही वाटत नाही. नाताळानंतर जावई स्वतः गाडी घेऊन आला. तिच्यासाठी त्यांनी तळमजल्यावरचं दुसरं अपार्टमेंट घेतलं होतं. जाताना तिनं पोर्चच्या छताकडे बोट दाखवून सांगितलं, हा रंग बदलू नकोस. कारण विचारलं नाही मी.

आता तुम्हाला लिहिते आहे ते २००८ मध्ये. तासगावला ज्यांना हे कुणी वाचून दाखवेल त्यांच्यासाठी, आणि ट्रॉयला जे उरलेत त्यांच्यासाठी. तुमच्यातल्या तिघांची घरं हप्ते थकून गेल्याचं कळलं. इथेही आता गल्लीत घर विकण्याच्या पाट्याच पाट्या आहेत. वर्तमानपत्रातला तो रकाना पूर्वी अर्धं पान असायचा, आता वेगळी पुरवणी निघते. परांची तशाच सोडून लोक निघून गेलेत. आमच्या घराची किंमत आम्ही घेतली त्याच्या खाली आली आहे, असं हेमंत सांगतो. मी त्याला सांगते, मी विकणार आहे का?

आबा गेल्या वर्षी तीन महिने येऊन राहिले. पुढच्या खोलीत. पहिल्या दिवशी त्यांनी खोलीच्या चारही भिंतींवर हात ठेवून बघितला, मग बाहेर पोर्चमध्ये बसले. तासगावच्या दोन खोल्यांत पाहुणा आला की ते ऑफिसच्या व्हरांड्यात झोपायला जायचे, आणि आम्हाला सांगायचे, तिथे वारा चांगला असतो. हे मला इथे आठवलं, त्यांना बघताना. घर म्हणजे मला आधी कागदावरचं नाव वाटायचं. ते नाव आहे, कपाटात कुलपाआड आहे, आणि त्याचा मला अजूनही अभिमान आहे. पण आबा परत गेल्यावर ती खोली झाडताना वाटलं, कुणाला जायला जागा नसेल तर 'ये' म्हणता यावं, एवढ्यासाठीच आमची दोन पिढ्यांची धावपळ होती की काय.

म्हणून आता गल्लीत पाटी लागली, की मी जाऊन विचारते, कुठे जाणार? सगळ्यांना आवडत नाही. मागच्या महिन्यात रोंडाच्याच घरासमोर पाटी दिसली. तिची पांढरी गाडीही नव्हती. मी थांबून विचारलं. तिनं माझ्याकडे असं बघितलं, की ती नजर मी लगेच ओळखली. इतकी वर्षं ती माझीच होती. म्हणाली, "का? स्वस्तात घ्यायचंय तुला?"

मी म्हणाले, नाही. आमची पुढची खोली रिकामी आहे.

तिनं दार लावून घेतलं. परवा तिचा फोन आला. आधी हवामानाचं बोलली, मग हेमंतच्या जॉबचं, आणि मग विचारलं, की त्या खोलीला बाहेरून वेगळं दार आहे का.

आहे, मी म्हणाले.